वाघिणीवरचा हात

गॅलरीत वाळत घातलेल्या पांढऱ्या पातळावर सकाळी काळे कण दिसले की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. कारखाना पेटला. दोन दिवसांत मळीचा वास येतो, आंबूस, गोडसर, घास घेताना घशाशी येणारा. मग रस्त्यावरून ट्रॅक्टर सुरू होतात, एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या आणि वर कर्णा लावून गाणी. भाजीवाला सांगतो, यंदा हंगाम जोरात हाय आजी. असेल बाबा. मला या हंगामाचा राग येतो. ऐंशी ओलांडल्यावर कशाचा राग यावा हे माणसाने दुसऱ्याला विचारायचं नसतं.

यंदा वासाच्या आधी फोन आला. सुजाताचा. साठ वर्षांपूर्वी ती माझ्या तिसरीच्या वर्गात पहिल्या ओळीत बसायची. पुढे नर्स झाली, मिरजेत नोकरी केली, निवृत्त झाली, तरी मला अजून 'बाई'च म्हणते.

"बाई, आपल्या गावात रुळाखालनं भुयारी रस्ता झाला बघा, एकदाचा! उद्घाटनाला पुढारी नको म्हणालो आम्ही सगळ्यांनी. फीत तुम्ही कापायची."

"अगं, माझे गुडघे..."

"गाडी पाठवतो. नाही म्हणायचं नाही. पहिला अर्ज तुमचा. आणि आई गेली तेव्हा तुमचा हात होता, हे आमच्या नातवंडांनासुद्धा ठाऊक आहे."

तिने हे अगदी प्रेमाने म्हटलं. मी 'बघू' म्हणून फोन ठेवला. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलं नाही. डाळ खाली लागली.

तो हात कसला, ते सांगायला हवं.

गावाचं नाव लिहीत नाही. कराड आणि सांगलीच्या मधलं, कृष्णेपासून थोडं आत, बुटक्या स्टेशनचं गाव. साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झालेली. राज्य नवं, माझी नोकरी नवी, आणि मी बावीस वर्षांची, सांगलीहून आलेली, वेणीत अबोली घालणारी मास्तरीण. रूळ तेव्हा लहान मापाचे होते, इंजिन कोळशाचं. जायला-यायला एकच लाईन, म्हणून समोरून पॅसेंजर येणार असली की मालगाडी बाजूच्या रुळावर घेऊन ठेवत. एरवी ती घटकाभर थांबायची. पण दिवाळी झाली, ऊस तुटायला लागला, की कारखान्याचा कोळसा, साखरेची पोती, सांगलीच्या पेठेतल्या गुळाच्या ढेपा, सगळ्यालाच घाई व्हायची आणि त्या घाईपायी मालगाडी सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच उभी. पंचवीस-तीस डब्यांची भिंत. भिंतीच्या अलीकडे गाव, शाळा, दवाखाना, दुकानं, गोड्या पाण्याची विहीर. पलीकडे वस्ती.

वस्तीतल्या पस्तीस घरांनी पाच-सहा वर्षांपूर्वी बुद्धाचा धम्म घेतला होता, गावकीची कामं टाकली होती. गावाने ते मान्य केल्यासारखं दाखवलं होतं. शाळेला, पाण्याला, औषधाला, मजुरीला, रोज रूळ ओलांडून यायचं ते वस्तीने. गावाला पलीकडे जायचं काही कामच नव्हतं. आज हे मी इतकं सरळ लिहिते, पण तेव्हा मला ते दिसलं नव्हतं. मला वाटायचं, गाडी सगळ्यांच्याच वाटेत उभी आहे.

वळसा घालायचा तर पाऊण मैल, तोही उसाच्या पाटातून. मग काय, डब्यांखालून! खडीवर गुडघे टेकायचे, मान वाकवायची, दप्तर पुढे ढकलायचं आणि चाकांच्या मधून पलीकडे निघायचं. बायका डोईवरची घागर आधी सरकवत. पोरांच्या सदऱ्यांच्या पाठींवर वंगणाचे डाग असायचे. रुळांखालचे लाकडी दांडे कुजून भुसभुशीत झाले होते. पोरं त्यातून बोटांनी भुसा कोरून काढत, आणि भरलेला डबा त्या जागी एका अंगाला कललेला दिसायचा. सकाळचं धुकं, लोखंडावर दव, आणि कुठल्या तरी डब्यातून झिरपणारा गुळाचा वास. मी गूळ खात नाही. पुरणपोळी साखरेची करते, आणि सुना मला नावं ठेवतात.

इंजिन लांब, वळणापलीकडे. ड्रायव्हरने ओढ घेतली की हिसका निघायचा, एका डब्यातून दुसऱ्यात, खड, खड, खड, असा मागे येत जायचा. वाटेपाशी पोचायला मनात सात-आठ आकडे मोजावेत एवढा वेळ. तेवढ्या वेळात खालचं माणूस बाहेर यायला हवं.

म्हणून हौसाक्का हात लावायची.

हौसाक्का म्हणजे सुजाताची आई. पस्तिशीची असेल, काटक, दात किंचित पुढे, आवाज असा की शिवारातून हाक मारली तर गावात घागर उतरवणारी बाई वळून बघेल. उसाच्या फडात मजुरी करायची. वस्तीतली सतरा-अठरा पोरं शाळेला निघाली की ती आधी पुढे व्हायची. वाटेपासून चार डबे इंजिनाकडे जायचं, पाचव्या डब्याच्या लोखंडावर पंजा टेकवायचा आणि ओरडायचं, "चला रं!" हिसका चार डबे लांब असतानाच तिच्या पंजाला कळायचा. "आला रं आला! मागं सरा!" पोरं जिथल्या तिथे उलटी फिरायची. मी स्वतः दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा एका पोराची पाटी रुळावर राहिली आणि तिचा चुरा झाला. हौसाक्काने त्याला जवळ घेतलं आणि पाठीत एक धपाटा घातला.

ही रीत कुणी शिकवलेली नव्हती. हे त्यांनी आपापलं शोधलं होतं. मला फार कौतुक वाटलं. वर्गात मी 'प्रसंगावधान' या विषयावर निबंधही लिहून घेतला, कप्पाळ माझं!

एका सकाळी मी शाळेच्या पायरीवर उभी होते. शाळा वाटेपासून वीस-पंचवीस पावलांवर. पोरं इकडे आली, मागून हौसाक्का वाकून खालून आली, पदर झटकला.

मी विचारलं, "तुम्ही येता तेव्हा हात कोण लावतं हो?"

"माज्यासाठी?" ती हसली. "माज्यासाठी कोन लावनार बाई? देव म्हनावं तर देव बी आमी सोडल्यात."

दुसऱ्या दिवसापासून मी जाऊ लागले. गावाच्या बाजूने चार डबे पुढे, पाचव्यावर हात. मधे डबे, त्यामुळे आम्ही एकमेकींना दिसत नसू. ती पलीकडून ओरडायची, "बाऽई, हाय का हात?" मी म्हणायचे, "आहे!" मग ती यायची. चार-पाच दिवसांनी म्हणाली, "बाई, आहे म्हनू नगा. ऐकूच येत न्हाई, त्वांडातच ऱ्हातंय. हाय म्हना. हाय लांब जातंय." मी वर्गात पोरांच्या 'हाय'वर लाल रेघ मारणारी बाई. पण तिथे हाताचे दोन पंजे लोखंडावर ठेवून मी "हाऽय!" म्हणून ओरडायला शिकले. मार्गशीर्षातलं लोखंड इतकं गार असायचं की तळवा बधिर व्हायचा, आणि नंतर दिवसभर खडूला गंजाचा वास यायचा. खरं सांगते, त्या दीड-दोन महिन्यांइतकी उपयोगाची मी पुढे कधी कुणाच्या झाले नाही.

स्टेशनमास्तरांकडे आम्ही आधी गेलो होतो. मागणी साधी होती. गाडी उभी करताना वाटेपाशी मधून तोडायची, बैलगाडी जाईल एवढी फट ठेवायची. कुजके दांडे बदलायचे. आणि हंगामापुरता एक माणूस झेंडी घेऊन उभा करायचा. ते म्हणाले, "आमच्या नकाशात तिथं वाटच नाही. जिथं वाट नाही तिथून कोण जातं?" अर्ज घ्यायलाही तयार होईनात. मग मी ठरवलं, तालुक्याच्या कचेरीला लिहायचं, तिथून ते वर पाठवतील.

आणि इथे माझी हुशारी आडवी आली.

राज्य मराठीचं झालं होतं. कागदोपत्री शुद्ध मराठी असावी याचं मला वेड होतं. वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर बसून मी अर्ज लिहिला आणि वाचून दाखवला. 'वाघिणी' शब्द आला तशी हौसाक्का मधेच म्हणाली,

"वाघिनी कुटनं आल्या?"

"मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात. शुद्ध शब्द आहे."

"आवं बाई, डबं म्हना की सरळ. मालगाडीचं डबं. कुनाला बी कळंल."

"डबा माणसांचा. मालाची ती वाघीण. सरकारी कागद आहे हौसाक्का, कसंही लिहून चालत नाही."

"बरं," ती म्हणाली. "तुमी शिकल्याल्या. तुमास्नी ठावं."

पहिली सही तिची होती. रात्रीच्या वर्गात नुकतीच शिकली होती. 'हौ'ची मात्रा काढताना जीभ दातांत धरली होती.

तो मजकूर मला आजही पाठ आहे. जळो ते पाठांतर. 'विषय : वाघिणींच्या उपद्रवापासून शाळकरी बालकांचे संरक्षण होणेबाबत. महोदय, लोहमार्गालगत आमच्या वाटेवर या वाघिणी प्रतिदिनी ठाण मांडून असतात. कोवळ्या बालकांना जीव मुठीत धरून त्यांच्या उदराखालून सरपटत जावे लागते. त्या केव्हा हिसका देतील याचा नेम नाही.' उदराखालून! मला वाटलं होतं, साहेबांच्या डोळ्यांत पाणी उभं राहील.

साहेबांपर्यंत तो गेलाच नाही. कुणा कारकुनाने विषयाची ओळ वाचली आणि अर्ज जंगल खात्याकडे पाठवून दिला.

महिन्याभराने मार्गशीर्षातल्या एका सकाळी फॉरेस्ट गार्ड सायकलवरून आला. बिरू त्याचं नाव. आटपाडीकडचा, धनगराच्या घरातला, अंगावर ढगळ खाकी, हातात काठी. स्टेशनबाहेरच्या चहाच्या हॉटेलात त्याने विचारलं, "हितं वाघिनीचा लय तरास हाय म्हनं?" हॉटेल जे हसलं, ते शाळेत ऐकू आलं. त्याला वाजतगाजत माझ्याकडे आणलं. त्याच्या हातात छापील फॉर्म. संख्या किती. पिल्ले आहेत काय. जनावरे मारली काय. खाली माझं ते वळणदार अक्षर, त्यावर कचेरीचे शिक्के.

मी त्याला समजावून सांगितलं. सांगताना मान वर होईना. हेडमास्तर खुर्चीत पोट धरून हसत होते. एकटा बिरू हसला नाही. त्याने फॉर्मची घडी घातली आणि म्हणाला, "आता आठ कोस आलोय तर बघून जातो."

हौसाक्काने त्याला वाट दाखवली, पंजा कुठे टेकायचा ते दाखवलं. मी बरोबर होते. तो पाचव्या डब्याला हात लावून उभा राहिला आणि नेमका तेव्हाच हिसका आला. त्याने हात चटका बसल्यागत काढला.

"आयला, जित्ती हाय की ही!"

मग कललेल्या डब्याकडे बघितलं, कुजक्या दांड्यात काठीचं टोक खुपसलं. ते बोटभर आत गेलं. म्हणाला, "आमच्यात मेंढरं वाटंला लागली की पुढं एक मानूस आन् मागं एक. मागचा नसला की शेवटचं मेंढरू लांडगा उचलतोय. हितं मागं कोन?"

"पोरांच्या मागं मी," हौसाक्का म्हणाली. "आन् माज्या मागं बाई."

त्याने माझ्याकडे बघितलं. "मग झ्याक हाय," म्हणाला.

तिथेच रुळाकडेला उकिडवं बसून त्याने फॉर्म भरला. वाघिणी समक्ष पाहिल्या. संख्या अठ्ठावीस. माणसांस धोका आहे. बंदोबस्त तातडीने व्हावा. "सायेब शिव्या घालतील," म्हणाला, "घालू द्यात." त्या सबंध हंगामात सरकारचा माणूस म्हणून वस्तीवर जाऊन रूळ बघणारा तो एकटा. त्याचा फॉर्म लाल शाईत 'चेष्टा करता काय?' असा शेरा मारून परत आल्याचं नंतर कळलं.

पण त्या दिवसापासून गावाला खेळणं मिळालं. मी शाळेत निघाले की हॉटेलातून, "बाई, जपून हं! वाघीण सुटलीय." कुणी विचारायचं, "व्याली का हो?" मी फळ्याकडे वळले की मागच्या ओळीतून डुर्रर्र. सांगलीला घरी पत्र गेलं, वडिलांनी उत्तरात लिहिलं, 'तुझ्या मराठीची कीर्ती येथवर आली.' आणि धोक्याचं? धोक्याचं कुणी बोलेना. रुळाचं नाव काढलं की ऐकणाऱ्याच्या ओठांचे कोपरे हलायला लागत. दुसरा अर्ज करायचा म्हटल्यावर सह्यांना माणूस मिळेना. माझ्या एका शब्दाने वस्तीच्या भीतीचा तमाशा करून टाकला. डबं लिहिलं असतं तर कदाचित तोंडाला पानं पुसली असती, नाही असं नाही. पण हसलं तरी कुणी नसतं.

हौसाक्का मात्र एका शब्दाने बोलली नाही. उलट मलाच म्हणाली, "हासनाऱ्याचं दात दिसत्यात बाई, आपलं काय जातंय?"

माझं जात होतं. मी बावीस वर्षांची होते. हॉटेलासमोरून चालत जायचं, चार डबे पुढे जाऊन त्या लोखंडाला हात लावून उभं राहायचं, आणि मागून कुणीतरी म्हणायचं, बघा, बाई वाघिणीला गोंजारत्यात. एके दिवशी मी गेले नाही. हौसाक्काने वर्गाच्या दारात येऊन विचारलं, "आज आला न्हाईसा?" मी सांगितलं, मस्टर भरायचं होतं. "बरं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं. डोकं!

लोक सांगतात ती गोष्ट पुढची आहे. संक्रांतीला आठ-दहा दिवस होते. धुकं असं की हॉटेलची भट्टी नुसती तांबडी दिसत होती. पोरं इकडे आली, वर्गात गेली, पाढे सुरू झाले. हौसाक्का डब्यांखाली शिरली आणि हिसका आला. आरडाओरडा झाला. हॉटेलातली माणसं धावत आली, तेव्हा मी पाचव्या डब्याला दोन्ही हात लावून उभी होते आणि रडत होते. गाडी हातभर पुढे जाऊन पुन्हा थांबली होती. तेवढं तिला पुरलं. ज्या माणसांनी महिनाभर मला चिडवलं होतं त्यांनीच मला धरून बाजूला नेलं. एकजण म्हणाला, "बाईनं शेवटपतोर हात काडला न्हाई बगा."

तेच वाक्य गावभर झालं. सुजाताच्या घरातही तेच पोचलं.

सांगलीच्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. 'वाघिणीखाली सापडून स्त्री ठार.' शब्द अगदी बरोबर होता. मी तो कागद फाडून चुलीत घातला.

संक्रांतीला हॉटेलातले दोघे घरी येऊन माझ्या हातावर तिळगूळ ठेवून गेले. डोळे खाली घालून. त्यानंतर रेल्वेची दोन माणसं कागद घेऊन चौकशीला आली. हेडमास्तरांच्या खोलीत बसली. मला विचारलं, "अपघाताच्या वेळी आपण कुठे होता?" हेडमास्तर बघत होते, दारात वस्तीतली चार माणसं उभी होती, त्यांत हौसाक्काचा नवरा होता. मी म्हटलं, "वाघिणीला हात लावून उभी होते." तिथेही वाघीणच म्हटलं, बघा. ते लिहून घेतलं, मी सही केली. सही सुरेख आली.

त्यांचं उत्तर चैत्रात आलं. 'गावकऱ्यांनी इशारा देण्याची व्यवस्था स्वतःहून केलेली असल्याने, आणि सदर स्त्रीने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केल्याने, फाटक अथवा माणूस नेमण्याची आवश्यकता दिसून येत नाही.' पुढे रूळ रुंद झाले, कोळशाची इंजिनं गेली, दांडे सिमेंटचे झाले. वाट मात्र तशीच राहिली, कारण व्यवस्था होती. साठ वर्षं त्या गावात कुणी ना कुणी हात लावून उभं राहिलं. मधल्या काळात तिथे आणखी कोण गेलं, ते मी विचारलेलं नाही. बदली मागून तासगावला आले, द्राक्षांच्या गावात, आणि मालगाडी दिसणार नाही अशा शाळेत बत्तीस वर्षं शुद्धलेखन शिकवलं.

सुजाता दर दिवाळीला येते. एकदा माझ्या पायाला तेल लावता लावता म्हणाली, "आईला थोडं कमीच ऐकू येत असणार बाई. नाहीतर तुम्ही ओरडलात ते कसं ऐकू आलं नाही?" त्या घराने साठ वर्षांत मला सांभाळून घ्यायला म्हणून हौसाक्काला बहिरी करून टाकलं आहे. जी बाई चार डबे लांबचा हिसका पंजाने ऐकायची, तिला! आणि मी तिथे बसून "असेल" म्हणाले. पाय काढून घेतला नाही.

आता ऐका. त्या सकाळी मी डब्याजवळ नव्हते. शाळेच्या पायरीवर होते, शाल पांघरून, हॉटेलातल्यांना दिसणार नाही अशी खांबाआड. पलीकडून हाक आली, "बाऽई, हाय का हात?" आणि मी पायरीवरूनच ओरडले, "हाऽय!" लांब जाईल असं. तिने शिकवलं होतं तसं. तो पहिला दिवस नव्हता, तिसरा होता. आधीचे दोन दिवस मी असंच पायरीवरून ओरडले होते आणि ती येऊन, पदर झटकून, हसून फडाकडे गेली होती. काही होत नाही असं मला वाटायला लागलं होतं. तिसऱ्या दिवशी खडखड मलाही ऐकू आली. मी धावले. मी डब्याला हात लावला तेव्हा तो थांबलेला होता.

मस्टर, डोकेदुखी, हसणारी माणसं, बावीस वर्षांचं वय, सगळं मी स्वतःला सांगून झालं आहे. कुणाची हाय लागते म्हणतात ना, मला माझीच लागली. बिरूने विचारलं होतं, मागं कोण? तिने माझं नाव सांगितलं होतं.

काल सुजाताचा पुन्हा फोन आला. पत्रिका छापायच्या आहेत, नाव घालू ना? म्हणाली, बोगद्यात पाणी साचतं जरा, पावसाळ्यात पंप लावावा लागणार, पण उजेड चांगला ठेवलाय. मी म्हटलं, घाल नाव.

गाडी पाठव, सुजाता. येते मी. फीत नंतर बघू, आधी मला माइक दे, मी हे कागद वाचणार आहे. पोरंबाळं, नातवंडं सगळ्यांना पुढे बसव. तुझ्या आईचे कान चांगले होते. तिने विचारलं, आणि तिला उत्तर ऐकू आलं, म्हणूनच ती खाली वाकली. माझा हात नव्हता.